अमेरिकेने एक ‘फूट’ रिटायर केला, पण सॉफ्टवेअरमधून तो काढता का येत नाही?

१२ इंचांचा एक फूट, यात वाद कसला? पण अमेरिकेत २०२२ संपेपर्यंत अधिकृतपणे दोन वेगवेगळे फूट वापरात होते. १ जानेवारी २०२३ पासून त्यातला एक, जमीन मोजणीचा ‘यूएस सर्व्हे फूट’, निवृत्त झाला. निर्णय मोजमापांचे मानक ठरवणारी एनआयएसटी आणि राष्ट्रीय भूमापन करणारी एनजीएस या दोन सरकारी संस्थांचा. आता सगळीकडे एकच फूट, म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर.

ऐकायला सोपं आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला की झालं, असंच कुणालाही वाटेल. गोची नेमकी तिथेच आहे.

दोन फूट आले कुठून?

१८९३ मध्ये अमेरिकेने फुटाची व्याख्या मीटरवरून केली. १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच, या हिशेबाने फूट झाला १२००/३९३७ मीटर, म्हणजे साधारण ०.३०४८००६ मीटर. पुढे १९५९ मध्ये इंग्रजी मोजमापं वापरणाऱ्या देशांनी मिळून ०.३०४८ हा आकडा ठरवला. तेव्हा अमेरिकेतले मोजणीवाले म्हणाले, आमचे सगळे जुने नकाशे बिघडतील. म्हणून त्यांना जुना फूट तात्पुरता ठेवायची मुभा मिळाली. हे ‘तात्पुरतं’ ६३ वर्षं चाललं!

दरम्यान ४० राज्यांनी सर्व्हे फूट कायद्यात घातला आणि सहा राज्यांनी आंतरराष्ट्रीय फूट. कोलंबिया नदीच्या एका काठावर ओरेगॉनचा फूट वेगळा, समोरच्या वॉशिंग्टन राज्याचा वेगळा.

फरक आहे तरी किती?

दहा लाखांत दोन. एका मैलामागे जेमतेम ३ मिलिमीटर. एका एकरामागे १६२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाएवढी जागा. एवढ्यासाठी कुणी बांधावर भांडणार नाही.

पण आजची मोजणी फक्त लांबी-रुंदीची नसते. प्रत्येक बिंदूला निर्देशांक असतो, म्हणजे एका ठरलेल्या आरंभबिंदूपासून तो किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहे, याचे दोन आकडे. आकडे उणे येऊ नयेत म्हणून त्यात सुरुवातीलाच मोठी रक्कम मिळवलेली असते. टेक्सासच्या ज्या पट्ट्यात ह्यूस्टन येतं, तिथे उत्तरेच्या आकड्यात ४० लाख मीटर मिळवलेले आहेत. त्यामुळे ह्यूस्टनमधल्या बिंदूचा उत्तरेचा आकडा जातो सुमारे १ कोटी ३८ लाख फुटांवर.

आता हा आकडा सर्व्हे फुटात आहे आणि तुमच्या सॉफ्टवेअरने तो आंतरराष्ट्रीय फुटात वाचला, तर बिंदू २७ फुटांहून जास्त सरकतो. म्हणजे आठ मीटरच्या वर, अख्खा रस्ता.

त्यातही वाईट म्हणजे ही चूक दिसत नाही. सगळे बिंदू जवळजवळ सारखेच सरकतात. भिंतीची लांबी बरोबर, प्लॉटचं क्षेत्रफळ बरोबर, नकाशा एकटा पाहिला तर निर्दोष. गडबड कळते ती दुसऱ्या एजन्सीचा नकाशा त्यावर ठेवल्यावर. एनजीएसच्या अधिकाऱ्याने सांगितलेल्या एका प्रकरणात फुटांच्या अशाच घोळामुळे विमानांच्या उतरण्याच्या मार्गाजवळची इमारत एका मजल्याने कमी करावी लागली होती.

मग अपडेट करायचं काय?

जुना आकडा पुसून नवा टाकला, तर २०२२ पूर्वीचे सर्व्हे फुटातले सगळे नकाशे त्या क्षणी चुकतील. म्हणून एनजीएसने स्पष्ट केलंय की १९२७ आणि १९८३ च्या जुन्या निर्देशांक प्रणालींसाठी, जिथे सर्व्हे फूट होता तिथे तोच राहील. नव्या प्रणालीत मात्र फक्त आंतरराष्ट्रीय फूट असेल.

म्हणजे सॉफ्टवेअरला दोन्ही फूट लक्षात ठेवावे लागतात. नकाशाची सॉफ्टवेअर्स ज्या ईपीएसजी नोंदवहीवर चालतात, तिथे आंतरराष्ट्रीय फुटाचा क्रमांक ९००२ आणि सर्व्हे फुटाचा ९००३ आहे. फाइलमध्ये हा क्रमांक असेल तर प्रश्न नाही. खरा धोका आहे तो नुसतं ‘फूट’ लिहिलेल्या फाइलींचा, आणि गेल्या काही दशकांत अशा किती फाइली ईमेलने इकडून तिकडे गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

आपल्याकडे सातबारा हेक्टर-आरमध्ये असला तरी व्यवहाराची बोलणी गुंठ्यातच होतात, आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पण त्यातला फूट कुठला, हे कुणी विचारत नाही आणि एवढ्या छोट्या क्षेत्राला त्याची गरजही पडत नाही. जुन्या भारतीय नकाशांचं तसं नाही. त्याच ईपीएसजी नोंदवहीत १९३७, १९६२ आणि १९७५ या सालांचे ‘भारतीय फूट’ आजही वेगवेगळ्या क्रमांकांनी आहेत. १९३७ चा ०.३०४७९८४१ मीटरचा, १९७५ चा ०.३०४७९९५ मीटरचा.