कॉलेजात ईद आणि कव्वाली : नगरला यात नवे काय?

कॉलेजच्या हॉलमध्ये ईद साजरी करायची आणि त्या निमित्ताने कव्वालीची मैफल ठेवायची, असा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रश्न लगेच येतात. शिक्षणसंस्थेत धर्म कशाला? आणि एकाचा सण केला तर बाकीच्यांचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण अहिल्यानगरमध्ये ते विचारण्याआधी कोठल्याची आठवण ठेवायला हवी.

मोहरमच्या दिवसांत सगळा जिल्हा ज्या बारा इमाम कोठल्याकडे वळतो, ती मूळची शिक्षणाची जागा. बुरहान निजामशहाने १५३०च्या दशकात शाह ताहिर या विद्वानासाठी ती उभारली. म्हणजे आज जिथे सवाऱ्या आणि ताबूत पाहायला सर्व जातीधर्मांची माणसे गर्दी करतात, तिथे कधीकाळी धडे चालत. आपण ज्याला आज 'कॅम्पस' म्हणतो, तेच.

याच कोठला परिसरात २९ सप्टेंबर २०२५ रोजी काय झाले, हे नगरकरांना सांगायला नको. रांगोळीवरून वाद, मग रास्ता रोको, दगडफेक, लाठीमार. त्याआधी फेब्रुवारीत मढीच्या कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत, असा ग्रामसभेचा ठराव राज्यभर गाजला. आज कॉलेजात बसलेली मुले हे सगळे मोबाईलवर पाहत मोठी होत आहेत. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा सण त्यांना माहीत असतो तो व्हायरल क्लिपमधून.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या कलम २८नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे यात फरक केला. तेव्हा मैफल ठेवा, पण हजेरी लावू नका. नमाज किंवा दुआ कार्यक्रमात आणू नका. ज्याला यायचे नाही त्याला कारण विचारू नका. माझ्या मते एवढे पाळले तर आक्षेपाला जागा उरत नाही.

आणि बाकीच्यांचे काय, याचे उत्तर आपल्याच कॉलेजांच्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये आहे. सरस्वतीपूजन होते, काही ठिकाणी गणपतीही बसतो. ते बंद करा असे कुणी म्हणत नाही. त्या यादीत एक संध्याकाळ वाढते, इतकेच.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. सगळ्याच मुस्लिमांना हा कार्यक्रम आवडेल, हे आपण गृहीत धरतो. ईद म्हणजे नमाज, गळाभेट आणि शिरखुर्मा. कव्वालीचे घर उरूस आणि दर्गा. चिश्ती परंपरेने समा, म्हणजे भक्तिसंगीत ऐकणे, आपले मानले. इतर अनेकांना धर्माच्या नावाने वाद्ये मान्यच नाहीत. काही पंथ तर ईद-ए-मिलादही साजरी करत नाहीत. म्हणून कार्यक्रम ठरवताना मुस्लिम विद्यार्थ्यांना आधी विचारा. मोहरमचा विषय तर काढूच नका, तो शोकाचा काळ. टोप्या आणि हिरवे पडदे लावून 'सर्वधर्मसमभाव' लिहिलेला फ्लेक्स ठोकला की झाले, असला प्रकार कुणालाच नको.

त्यापेक्षा मैफलीला नगरचा रंग द्या. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद हे वारकरी परंपरेतले मराठी कवी. 'योगसंग्राम' त्यांचा. त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर आता आपण भांडतो. त्यांचे अभंग मात्र किती जणांनी ऐकले आहेत? शहरातल्या शाह शरीफ दर्ग्यावर मालोजीराजांनी नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही कथा इथे घरोघरी सांगतात. अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांसमोर कव्वाल गात असत. हा ऐवज बाहेरून आणायचा नाही, तो दहा-वीस कोसांत आहे. पूर्वार्धात अभंग, उत्तरार्धात कव्वाली आणि मध्ये पंधरा मिनिटे एखाद्या जाणकाराने दोन्हींचा अर्थ सांगायचा. बोल कळले नाहीत तर मुले टाळ्या वाजवून घरी जातील.

गाणे प्रत्यक्षच हवे, यूट्यूब लावून भागणार नाही. हार्मोनियम, ढोलक आणि टाळी एवढ्यावर कव्वाली उभी राहते. डीजेच्या भिंतींची सवय झालेल्या कानांना हेही कळू दे. 'स्पिक मॅके' ही संस्था १९७७ पासून कलाकारांना कॅम्पसवर नेते, त्यात कव्वालही असतात. विचारून पाहायला काही हरकत नाही.

तारखेचे तेवढे पाहा. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. रमजान ईद सध्या ऐन परीक्षांच्या मार्चमध्ये पडते. ईद-ए-मिलाद २०२६ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस येते, तेव्हा वर्ग सुरू झालेले असतात आणि हॉलही बहुधा रिकामा मिळतो. दुपारी तीनची वेळ ठेवली तर पारनेर, पाथर्डीहून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची एसटी चुकणार नाही.