तापमान ‘हॉट’ नसते

जळगावचा एक तरुण केळी-व्यापारी आखाती देशातील ग्राहकाला इंग्रजीत ईमेल लिहीत आहे, असे समजावे. कच्ची केळी जहाजाने पाठविताना कंटेनरमधील तापमान साधारणपणे १३ ते १४ अंश सेल्सिअस राखतात. वाटेत ते १४ अंशांवरून १३ वर आले. माल सुरक्षित आहे. तरीही व्यवहारातील सचोटी म्हणून त्याने कळविले, ‘द टेम्परेचर ड्रॉप्ड टू वन डिग्री.’ ग्राहकाने अर्थ घेतला, तो तापमान एका अंशावर गेल्याचा. इतक्या थंडीत केळीची साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. त्याने माल नाकारण्याची भाषा केली, तर त्याला दोष कसा द्यावा? माल निर्दोष होता. ‘बाय’च्या जागी ‘टू’ पडला होता.

मराठीत असा घोटाळा होत नाही. ‘तापमान एका अंशाने घसरले’ आणि ‘एका अंशावर घसरले’ यांतील भेद शाळकरी मुलालाही कळतो. आपला ‘ने’ म्हणजे इंग्रजी ‘बाय’ आणि आपला ‘वर’ म्हणजे ‘टू’, एवढी खूणगाठ बांधावी. बाजारभावालाही हाच नियम लागू आहे. भाव दहा रुपयांनी उतरणे वेगळे आणि दहा रुपयांवर उतरणे वेगळे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘हॉट टेम्परेचर’. पाणी, हवा, चहा ‘हॉट’ असू शकतात. तापमान हा मात्र आकडा आहे आणि आकडा गरम नसतो, तो मोठा किंवा लहान असतो. म्हणून ‘हाय टेम्परेचर’ आणि ‘लो टेम्परेचर’ हेच शुद्ध प्रयोग. मराठीतही तापमान ‘जास्त’ असते, ‘गरम’ नसते. हा आकडा चढला की ‘राइज’, उतरला की ‘फॉल’, झपाट्याने चढला की ‘सोअर’ आणि एकाएकी कोसळला की ‘प्लंज’. शेअर बाजाराच्या बातम्या वाचणाऱ्यांना ही क्रियापदे नवी नाहीत.

काही जोड्या रूढीने बांधलेल्या असतात. ऊन रणरणते, थंडी रणरणत नाही. चहा वाफाळतो, दुपार वाफाळत नाही. त्याचप्रमाणे इंग्रजीत थंडी ‘बिटर’ आणि उन्हाळ्याची काहिली ‘स्कॉर्चिंग’. ताटात आलेले गरमागरम अन्न ‘पाइपिंग हॉट’. हे शब्द सुटे पाठ न करता जोडीनेच लक्षात ठेवावेत.

मसाल्याच्या पाकिटावरील ‘कूल, ड्राय प्लेस’ या शब्दांचा अर्थही नीट घ्यावा. ‘कूल’ म्हणजे उष्णतेपासून दूर, जरा गारव्याची जागा. बर्फासारखी थंड नव्हे. ‘रूम टेम्परेचर’ या शब्दांपूर्वी ‘ॲट’ येते, ‘द’ येत नाही. मुलाला ताप असल्याचे शाळेला कळविताना ‘ही हॅज अ टेम्परेचर’ असे लिहावे. तेथील छोटासा ‘अ’ गाळू नये. तापमान प्रत्येकाच्याच शरीराला असते, त्या ‘अ’मुळे त्याचा ताप होतो. ‘डिग्री’चे अनेकवचनही सांभाळावे. एक असेल तर ‘वन डिग्री’. शून्याला मात्र ‘झिरो डिग्रीज’.

अमेरिकेतील ग्राहकाशी पत्रव्यवहार असेल, तर सेल्सिअस की फॅरनहाइट याचा स्पष्ट उल्लेख हवाच. तेथे रोजच्या बोलण्यातील ८० अंश म्हणजे आपले सुमारे २७ अंश.

आता त्या व्यापाऱ्याच्या पत्राकडे वळू. ‘टू’ की ‘बाय’ अशी शंका आली, तर त्याने दोन्ही आकडे लिहावेत : ‘द टेम्परेचर फेल फ्रॉम १४ टू १३ डिग्रीज सेल्सिअस.’ खतावणीत आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक दोन्ही लिहिली की वाद उरत नाही. भाषेच्या व्यवहारातही तीच शिस्त उपयोगी पडते.