घरची यंत्रे : वॉशिंग मशीनच्या कप्प्यात पाणी का उतरत नाही?

पारोळ्याहून एका भगिनींनी विचारले आहे : “मशीन सुरू होते, थोडे गुणगुणते, पण पावडरच्या कप्प्यात पाणी येत नाही. मेकॅनिक धुळ्याहून किंवा जळगावहून येतो. तो येईपर्यंत सात माणसांचे कपडे हाताने धुवावे लागतात. घरच्या घरी काही करता येईल का?”

नक्की येईल. मशीनवर शंका घेण्याआधी पाण्याकडे बघा.

कप्प्यात पाणी सोडणारा एक व्हॉल्व्ह मशीनच्या मागे, नळी जोडतो तिथेच आत असतो. वीज मिळाली की त्याची कॉइल एक बारीक छिद्र उघडते. त्यानंतर आतला रबरी पडदा उचलला जातो तो पाण्याच्या दाबाने. म्हणजे वीज असूनही दाब नसेल, तर व्हॉल्व्ह नीट उघडतच नाही.

आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून मशीन छतावरच्या टाकीला जोडलेले असते. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार भरतो. अनेक मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, काहींना १ बारही. तुमच्या मशीनचा आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. टाकी स्लॅबवर ठेवलेली आणि मशीन लगेच खालच्या खोलीत असेल, तर उंची जेमतेम २-३ मीटर मिळते. तिथे दोष मशीनचा नाही. मशीन तळमजल्यावर हलवा, टाकीखाली उंच स्टँड करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा.

आता क्रमाने तपासा. आधी प्लग काढा आणि तोटी बंद करा.

१) मशीन भिंतीला सरकवताना मागची नळी दुमडली आहे का, ते पाहा.

२) नळीचे मशीनकडचे टोक सोडून बादलीत धरा आणि तोटी पूर्ण उघडा. धार बारीक असेल, तर टाकी, पाइप किंवा तोटी यांत अडथळा आहे. धार जोरात असेल, तर पुढे चला.

३) तोटी बंद करून नळीच्या दोन्ही टोकांत पाहा, आणि मशीनला जिथे नळी बसते तिथेही. तिथे प्लास्टिकची बारीक जाळी असते. टाकीच्या तळचा गाळ आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार तिथेच साचतो. पक्कडीने जाळी हळूच ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा थर निघत नसेल, तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवा. नळी परत बसवताना रबरी वायसर विसरू नका.

जाळी काढून टाकून मशीन चालवण्याचा मोह होतो, पण तसे करू नका. रेतीचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला, तर तो पूर्ण बंद होत नाही. मशीन बंद असतानाही पाणी ठिबकत राहते, आणि दोन-तीन दिवसांसाठी भरलेली टाकी वाया जाते.

४) कप्पा पूर्ण बाहेर काढा. तो जिथे सरकतो त्या खणाच्या वरच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. पाणी तिथूनच पडते. पावडरचे खडे झालेले असतील, तर कोमट पाणी आणि ब्रशने साफ करा. जड पाण्यात पावडर लवकर विरघळत नाही. तिचा ओला गोळा कप्प्यात राहतो, आणि शेवटच्या खंगाळणीत वाहून कपड्यांवर बसतो. नमाजचे कपडे आणि तान्ह्या मुलांची दुपटी यांसाठी हे विशेष सांभाळा.

५) समोरून दार असलेल्या मशीनचे दार पक्के लागले नसेल, तर ते पाणी घेत नाही.

६) पाणी येते पण थांबत नाही आणि टब भरतच नाही, असे होत असेल तर सांडपाण्याची नळी पाहा. ती जमिनीवर पडलेली असेल, तर आलेले पाणी वाहून जाते. पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर ती अडकवा.

एलजीच्या मशीनवर ‘आयई’ आणि सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ किंवा ‘४ई’ दिसले, तर त्याचा अर्थ पाणी आत येत नाही, एवढाच. तेव्हाही वरचीच तपासणी करा.

एवढे करूनही पाणी येत नसेल, तर व्हॉल्व्हकडे कान द्या. गुणगुण ऐकू येते पण पाणी नाही, तर व्हॉल्व्ह आतून जाम असण्याची शक्यता आहे. काहीच आवाज नसेल, तर कॉइल, वायर किंवा सर्किटचा दोष. ही दोन्ही कामे मेकॅनिकची; मागचे झाकण स्वतः उघडू नका. फोनवर त्याला मशीनचे मॉडेल सांगा, आणि “जाळी साफ केली, धार जोरात आहे, आवाज येतो किंवा येत नाही,” एवढेही सांगा. म्हणजे तो व्हॉल्व्ह सोबत घेऊन येईल आणि दुसरी खेप वाचेल.

तोपर्यंत अडलेच, तर बादलीने थेट टबमध्ये पाणी ओता. ठरलेली पातळी गाठली की मशीन धुवायला लागते. खंगाळतानाही तसेच ओतावे लागेल.

टाकी वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्याआधी एकदा, आतून धुऊन घ्या. जाळी महिन्यातून एकदा पाहा.