समजून घ्या : हजेरी गुत्तेदाराकडे, मग पगाराची बोलणी कुणाशी?

चुडावा स्टेशनवरून रेल्वेने एका बाजूला गेलं की पूर्णा आणि दुसऱ्या बाजूला नांदेड. या मार्गावर रूळ तपासणाऱ्या ट्रॅकमनला डिसेंबर २०२४ मध्ये एक हक्क बजावता आला. आपल्या वतीने रेल्वे प्रशासनाशी कोणती युनियन बोलणार, हे देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदानाने ठरवलं. पहाटे नाल्या काढणाऱ्या, घंटागाडीवर राबणाऱ्या कामगाराला मात्र अशी मतपत्रिका मिळत नाही. मग ती पूर्णा नगर परिषद असो, परभणीची महापालिका असो की नांदेडची. दोघांपैकी कुणाचंही काम थांबलं तरी लोकांचे हाल होतात. मग हा फरक का?

सामूहिक वाटाघाटी म्हणजे काय?

एकेकट्याने अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायचं नाही. संघटनेने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, ठरेल ते लेखी करायचं आणि दोन्ही बाजूंनी ते पाळायचं. पगार, सुट्टी, कामाचे तास, हातमोजे, गमबूट असे सगळे विषय त्यात येतात.

कायदा काय सांगतो?

सुरुवात आपल्याच राज्यातली आहे. नागपूर महापालिका आणि तिच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये निकाल दिला की, आरोग्य, दिवाबत्ती यांसारखे पालिकेचे विभाग ‘उद्योग’ या व्याख्येत बसतात. त्यामुळे पालिका कामगारांना औद्योगिक न्यायालयाचं दार उघडं झालं. पुढे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळवण्याची वाट आखून दिली.

पण या हक्काला मर्यादा आहेत. संघटना स्थापन करणं हा मूलभूत हक्क असला, तरी परिणामकारक वाटाघाटींची हमी त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, हे २००३ मध्ये सांगितलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे याविषयीचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून स्वीकारलेले नाहीत.

खरी गोची कुठे आहे?

गोची हजेरीपटात आहे. रस्ता पालिकेचा, कचरा शहराचा, हुकूम स्वच्छता निरीक्षकाचा. पण कंत्राटी कामगाराची हजेरी गुत्तेदाराकडे. पगारवाढ मागितली तर पालिका गुत्तेदाराकडे बोट दाखवते आणि गुत्तेदार पालिकेच्या निविदेकडे.

कायद्यातही तो अडकतो. तो पालिकेचा कामगार आहे की नाही यावरच वाद असेल, तर आधी तो वाद वेगळ्या मार्गाने सोडवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या एका निकालाने ठरलं. म्हणजे बोलणी नंतर, आधी नातं सिद्ध करा. त्याला किती वेळ लागतो? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० सफाई कामगारांसाठी ही लढाई लढली. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल २०१४ मध्ये बाजूने लागला, तरी सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. मुंबईतल्या मोठ्या संघटनेला जे इतकं जड गेलं, ते तालुक्याच्या गावातल्या वीस-पंचवीस कामगारांना कसं झेपणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरते ती हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्यावर. प्रश्न पुन्हा तोच राहतो. हजेरीपट कुणाचा?

पण हक्क दिला तर शहर वेठीला धरलं जाणार नाही का?

ही भीती खोटी नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते आणि त्यात सामान्य माणसाचे हाल झाले. पण क्रम बघा. संप सुरू झाला त्याच दिवशी विधानसभेत मेस्मा मंजूर झाला आणि संप मिटला तो शेवटी चर्चेनेच. इंजिनीअरिंग शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सिस्टीममध्ये फीडबॅकची सोय नसेल, तर बिघाड कळतो तो थेट मशीन बंद पडल्यावर. संपाचंही तसंच आहे.

रेल्वेसह केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झालं नाही, तर विषय लवादाकडे नेता येतो. ही यंत्रणा असतानाही मे १९७४ चा मोठा रेल्वे संप झाला, हे खरं. पण त्यानंतर तसा देशव्यापी संप रेल्वेत पुन्हा झालेला नाही.

मग काय करायला हवं?

माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, पालिका आणि नगर परिषदांमध्ये कोणती संघटना बोलणार हे गुप्त मतदानाने ठरावं. दुसरी, त्या मतदार यादीत गुत्तेदाराकडच्या कामगारांचीही नावं असावीत. तिसरी, बोलणीच्या टेबलावर राज्य सरकारचा माणूस बसलाच पाहिजे. कारण पदांची मंजुरी आणि अनुदान मुंबईहून येतं, एकट्या मुख्याधिकाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं.

यात तिजोरीतून लगेच रुपयाही जात नाही. मागणी मान्य करण्याची सक्तीही नाही. सक्ती आहे ती फक्त समोर बसून ऐकून घेण्याची आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याची. पूर्णेच्या ट्रॅकमनला जे मिळालं, ते त्याच्याच गल्लीतली नाली काढणाऱ्याला नाकारायला एकही पटणारं कारण मला सापडत नाही.