गिरणगावातली खाणावळ हिशेबाबाहेरच

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि तेथे बर्गर-पिझ्झाची साखळी दुकाने गजबजलेली असतात. त्यांना जागा मिळाली ती चवीमुळे नव्हे, जमिनीच्या नियमांमुळे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे : मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. मालकांचे फावले, हे उघडच आहे.

या हिशेबात खाणावळ कधीच नव्हती. चाळीतल्या एका खोलीत बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर, प्रसंगी उधारीवर जेवू घालीत. त्यांनाच संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या संपानंतर गिऱ्हाईक पांगले. पुनर्विकासात राहत्या खोलीच्या बदल्यात घर मिळते. त्या खोलीत चालणारा धंदा कागदावर नसल्याने त्याच्या बदल्यात काही मिळत नाही. साखळी दुकानाला मात्र गाळा आराखड्यातच आखलेला असतो.