पोटाशी अंडी असलेली मादी लिलावात नको

1 ऑगस्टला पावसाळी बंदी उठेल आणि मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरीनाट्याच्या नौका पुन्हा बाहेर पडतील. पहिले काही आठवडे बंदरावर दुसरा विषय नसतो: कोळंबी किती लागली आणि दर काय फुटला. त्या गडबडीत शेवंड आणि चिंबोरी कोळंबीच्या मागोमाग, ‘कवचधारी’ या एकाच मथळ्याखाली वहीत जातात. खात्याच्या अहवालात, बंदीच्या आदेशात आणि आपल्या बोलण्यातही हे सगळे प्राणी एकाच टोपलीतले मानले जातात. दहा पाय, अंगावर कवच आणि वाढीसाठी टाकावी लागणारी कात, एवढे साम्य त्यांच्यात आहेच. पण साठा टिकणार की संपणार हे ज्या गोष्टीवर ठरते, त्या प्रजननात कोळंबी एका बाजूला आणि शेवंड-चिंबोरी दुसऱ्या बाजूला आहेत. हा फरक आपण व्यवस्थापनात आणला नाही, तर कोळंबीसाठी केलेल्या नियमांनी शेवंड वाचणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या किनाऱ्यावरची समुद्री कोळंबी अंडी सांभाळत नाही. मादी लाखो अंडी थेट पाण्यात सोडते आणि तिचे काम तिथेच संपते. एका दिवसाच्या आत अंड्यातून नॉप्लियस बाहेर पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत अनेक अवस्था पार करून कोळंबीच्या रूपातले पिल्लू तयार होते. सफेद कोळंबी किंवा टायगरसारख्या जातींची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात परततात. पॅरापिनिऑप्सिस स्टायलिफेरासारख्या काही जाती मात्र खाडीची वाट न धरता सगळे आयुष्य समुद्रातच काढतात. आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे, वाढ झपाट्याची. जवळ्याचे तर काही महिन्यांचेच. अशा प्राण्याचा साठा एखाद्या हंगामात खाली गेला तरी पुढच्या चांगल्या पावसाळ्यानंतर सावरू शकतो. त्याला जपायचे तर खाडी शाबूत ठेवावी लागते, जाळ्याचा आस मोठा ठेवावा लागतो आणि पिल्ले वाढण्याच्या काळात त्यांना मोकळीक द्यावी लागते. जून-जुलैच्या बंदीचा कोळंबीला फायदा होतो तो यामुळेच.

शेवंडीची गोष्ट वेगळी आहे. अंडी बाहेर आली की मादी ती शेपटीखालच्या पायांच्या केसांना चिकटवून घेते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे अंगावर वागवते. मादी उलटी धरून पाहिली तर शेवटच्या पायांच्या जोडीच्या टोकाला चिमट्यासारखी रचना दिसते. नराला ती नसते. त्या चिमट्याने ती अंडी चाळवते, मेलेली काढून टाकते. नुकती घातलेली अंडी भडक नारिंगी असतात. दिवस भरत येतात तशी ती तपकिरी, मग काळपट होतात आणि बारकाईने पाहिले तर प्रत्येक अंड्यात डोळ्याचे ठिपके दिसतात. चिंबोरी हेच काम पोटाच्या झडपेखाली करते. नराची झडप अरुंद, टोकदार असते, वयात आलेल्या मादीची रुंद आणि गोलसर. खाडीची मादी कात टाकून मऊ असतानाच नराशी जुळते, बीज साठवून ठेवते आणि अंडी घालण्यासाठी खाडी सोडून समुद्राकडे जाते. अंडी दहा लाखांच्या वर असतात आणि ती आपल्या पाण्याच्या उष्णतेत जेमतेम दोन आठवडे पोटाशी राहतात. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्याने तर हे मातृत्व टोकाला नेले आहे. त्याच्या अंड्यातून तरंगणारी अवस्था निघतच नाही. पूर्ण घडलेली इवली पिल्ले आईच्या झडपेखालून बाहेर पडतात. एका ओढ्यापलीकडे त्यांचा प्रसार सहसा होत नाही आणि घाटाघाटाला वेगळी जात सापडते ती बहुधा म्हणूनच.

थोडक्यात, कोळंबीची मादी सापडते तेव्हा तिने आधी सोडलेली अंडी समुद्रात असतात. शेवंडीची मादी सापडते तेव्हा तिची सगळी पिढी तिच्याबरोबर टोपलीत येते. हा फरक किती महागात पडतो ते मुंबईच्या समुद्रात दिसले आहे. थेनस ही चपटी शेवंड तिथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला शेकडो टन मिळत होती. 1994 साली ती दोन-सव्वादोन टनांवर आली आणि व्यापारी मासेमारी म्हणावी असे तिच्यात काही उरले नाही. तिच्यासाठी वेगळी जाळी कोणी टाकत नव्हते. ती कोळंबीच्याच ट्रॉलमध्ये, कोळंबीच्याच तळावर येत होती. तीच नौका, तेच जाळे, तोच चिखल असताना कोळंबी वर-खाली होत टिकली आणि थेनस कोसळली. अभ्यासकांनी कारण सांगितले ते असे की अंडी धारण केलेल्या माद्या सतत उचलल्या गेल्याने पुढची पिढी साठ्यात भरतीच झाली नाही. प्रदूषण किंवा तापमान यांचा हात अजिबात नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण ते घटक कोळंबीलाही भोवले असते.

यावर कायदा आहेच, असे सांगितले जाते. आहे, पण तो वजनाचा आणि लांबीचा आहे. 2003 साली केंद्राने शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. आपल्याकडच्या पॅन्युलिरस पॉलिफॅगससाठी 300 ग्रॅम, होमॅरससाठी 200, थेनससाठी 150. हा नियम निर्यातीच्या दारात लागू होतो, बंदरावर आणि गावच्या हॉटेलात नाही. 2023 साली महाराष्ट्राने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला आणि तो निर्णय स्वागतार्हच होता. मात्र आकाराच्या नियमाने लहानगी वाचते, मोठी मादी नाही. उलट बाजारात तिचीच किंमत वाढते. शेवंडीत अंड्यांची संख्या अंगाबरोबर वाढत जाते. म्हणजे आपण जिला सर्वांत आधी विकतो, तीच साठ्याला सर्वांत जास्त देणारी असते. अमेरिकेतल्या मेन राज्याने शंभर वर्षांपूर्वीच हे ओळखले. तिथे अंडी असलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीत इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून तिला सोडतात आणि पुढे ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच पाहून पुन्हा सोडतात. 2016 मध्ये तिथे सुमारे 60 हजार टन शेवंड उतरली. त्या भरभराटीत कॉड कमी झाल्याचा आणि पाणी तापल्याचा वाटा आहे, आणि तिथली शेवंड आपल्यापेक्षा निराळ्या कुळातली आहे. तरीही माद्या शिल्लक नसत्या तर अनुकूल पाण्याचा लाभ घ्यायला तिथे कोण उरले असते?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप तांडेलाचा आहे. मी सोडली तर शेजारची नौका उचलेल, मग माझे नुकसान कशासाठी? एकट्याने सोडण्यात तोटा आहे हे खरेच, म्हणून ही गोष्ट एकट्यावर सोडता कामा नये. लिलाव सोसायटीच्या दारात होतो. पोटाशी अंडी असलेली शेवंड आणि चिंबोरी लिलावात घेणार नाही, असे सोसायटीने ठरवले तर उचलण्यातला फायदाच संपतो. अंडी ओरबाडून मादी विकायला आणण्याची पळवाट निघू शकते. त्यासाठी शेपटीखालच्या केसांना लागलेले अवशेष पाहायला पारखी नजर लागते आणि ती नजर लिलाव करणाऱ्याकडे असतेच. दुसरा आक्षेप असा की सोडलेली मादी जगतच नाही. लांब ओढीच्या ट्रॉलमध्ये शेकडो किलो मासळीखाली चिरडलेल्या मादीबाबत तो बरोबर आहे आणि तिथे आम्ही आग्रह धरणार नाही. पण खडपाजवळच्या जाळीत अडकलेली शेवंड माशासारखी वर येताना फुगून मरत नाही. ती ओलसर राहिली तर तासन्‌तास जगते. जी शेवंड जिवंत मुंबईला पोचते आणि जी चिंबोरी बांधून परदेशी जाते, ती बंदरापासून थोड्या अंतरावर पाण्यात सोडली तर जगणार नाही, हे म्हणणे टिकत नाही.

भरलेल्या चिंबोरीला गिऱ्हाईक जास्त पैसे देते, हा आक्षेपही आहे. गिऱ्हाइकाला हवी असते ती कवचाच्या आतली लाख. झडपेखाली बाहेर आलेला अंड्यांचा पुंजका हा पुढचा टप्पा असतो आणि तोपर्यंत आतली लाख रिकामी झालेली असते. तेव्हा ही बंदी खाणाऱ्याच्या ताटाला फारशी शिवत नाही. राहिला हॅचरीचा मार्ग. कोळंबीत तो यशस्वी झाला. 2009 पासून देशात व्हॅनामी आली आणि शेततळ्यांचे चित्र पालटले. चिंबोरीची पिल्ले तमिळनाडूतल्या हॅचरीत तयार होतात आणि कोकणात कांदळवनालगतच्या गटांपर्यंत पोचली आहेत, पण पिल्ले जगण्याचे प्रमाण कोळंबीच्या मानाने फार कमी आहे. शेवंडीची पारदर्शक, पानासारखी पिल्ले महिनोन्‌महिने समुद्रात तरंगतात. व्यापारी प्रमाणावर तिची हॅचरी आपल्याकडे उभी राहिलेली नाही आणि ती राहील या भरवशावर माद्या विकणे परवडणारे नाही.

या हंगामापासून जिल्ह्यातल्या सोसायट्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वर मांडलेला लिलावाचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा आणि वहीत शेवंड, चिंबोरी यांची नोंद कोळंबीपासून वेगळी, जातीनिहाय आणि नर-मादी अशी ठेवावी. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाने या नोंदीसाठी विद्यार्थी दिले, तर अंड्यांचा रंग, आकार आणि महिना यांची माहिती एका वर्षात हाती येईल आणि कोणत्या महिन्यात कोणत्या खडपावर अंडीधारी माद्या जास्त येतात हे पहिल्यांदा आकड्यांत मांडता येईल. मत्स्यव्यवसाय खात्याने सोडलेल्या मादीपोटी नौकेला काही मोबदला द्यावा, अशी मागणी आम्ही करत आहोत. मेनमध्येही सुरुवात सरकारने अशा माद्या विकत घेऊनच झाली होती. मोबदला किती असावा आणि मादी सोडल्याचा पुरावा काय धरावा, यावर बंदरावरच्या लोकांनी आम्हाला लिहावे. पुढच्या अंकात ती पत्रे छापू.