विश्लेषण : सहकारी बँकांचा ऑनलाइन पत्ता बदलला, जुन्या पत्त्याचे काय?

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली हलवण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही अखेरची तारीख होती. मोठ्या बँकांसाठी हे तांत्रिक विभागाचे आणखी एक काम होते. कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात मात्र गोष्ट वेगळी आहे. इथे उसाचे बिल, दुधाचे दहा दिवसांचे बिल, शिक्षकांचे पगार आणि निवृत्तांच्या ठेवी मोठ्या प्रमाणात सहकारी बँकांतून फिरतात, आणि त्यातील छोट्या बँकांचा संगणक विभाग म्हणजे अनेकदा दोन-तीन कर्मचारी आणि बाहेरचा एक पुरवठादार असतो. पत्ता बदलणे सोपे आहे. बदलताना आणि बदलल्यानंतर काय राहून जाते, हा खरा प्रश्न.

नेमके काय ठरले?

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणासोबत या राखीव नावाची घोषणा केली. २२ एप्रिलला परिपत्रक निघाले. ते व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू आहे. नावे देण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे ठेवला आहे : रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादेत स्थापन केलेली ‘आयडीआरबीटी’. एरवी बहुतेक नावे शंभर दुकानांतून, काही मिनिटांत विकत घेता येतात. बँक डॉट इन हे नाव बँकेचा परवाना असलेल्या संस्थेलाच मिळते. बिगरबँक वित्तीय संस्थांसाठी ‘फिन डॉट इन’ आणण्याचेही तेव्हाच जाहीर झाले होते.

एका टिंबाचा फरक

इंटरनेटवरचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. ‘अमुक डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता पडताळणी झालेल्या बँकेचाच असू शकतो. ‘अमुकबँक डॉट इन’ मात्र कोणीही घेऊ शकतो. मधले एक टिंब गाळले की हमी संपली. ‘अमुक डॉट बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ असा पत्ताही भामटे तयार करू शकतात. त्यातला निर्णायक भाग शेवटचा, म्हणजे ‘तमुक डॉट कॉम’. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर आता विसंबता येत नाही. ते प्रमाणपत्र काही वर्षांपासून फुकट मिळते आणि बनावट संकेतस्थळांवरही कुलूप दिसते.

ठेवीदारासाठी यात खरे पैसे अडकले आहेत. सहकारी बँकांच्या ग्राहकांबाबत रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ग्राहकाने आपल्या हाताने पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. बनावट संकेतस्थळावर नेमके हेच घडते. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा इथे कामाला येत नाही, कारण तो बँक बुडाल्यास किंवा तिच्यावर निर्बंध आल्यास मिळतो, फसवणुकीसाठी नाही.

सातबारा कोणाच्या नावावर?

सर्वसाधारणपणे ‘आमची वेबसाइट’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिले नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली ज्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत ते होस्टिंग. तिसरे टपाल, म्हणजे ईमेल. तिन्ही एकाच पुरवठादाराकडून घेता येतात, पण तशी गरज नसते. केंद्र सरकारचे उदाहरण ताजे आहे. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेले, तरी पत्ते ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हेच राहिले. टपाल वाहणारा बदलला, घराचा पत्ता नाही. ज्याच्या हातात नाव आहे, तो बाकी दोन गोष्टी कधीही हलवू शकतो.

छोट्या संस्थांची अडचण इथेच होते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्याने संकेतस्थळ बनवून दिले, त्यानेच स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने नाव घेतलेले असते. वर्षाला हजार-बाराशेचे बिल येते, संस्था भरते आणि विषय संपतो. जमीन संस्थेने कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार. पुरवठादाराशी बिनसले, त्याने व्यवसाय बंद केला किंवा त्याचे निधन झाले की नाव सोडवून आणण्यासाठी लागणारा संकेतांक कोणाकडेच नसतो. बँक डॉट इनच्या निमित्ताने नव्या नावापुरता हा गुंता सुटतो, कारण ते परवानाधारक बँकेलाच मिळते. जुने नाव जिथे होते तिथेच राहते.

जुने नाव सोडले तर?

या स्थलांतरातला सर्वात कमी बोलला जाणारा धोका हाच आहे. नवे नाव सुरू झाले, जुन्यावरून आपोआप नव्याकडे वळवण्याची सोय केली, सहा महिने गेले. मग कोणीतरी हिशेबात विचारतो की जुन्या नावाचे शुल्क आता कशाला भरायचे? ‘डॉट कॉम’ नावाचे नूतनीकरण चुकले तर विक्रेत्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून ते परत घेता येते, आणखी पाच दिवसांनी ते बाजारात मोकळे होते. जगभरात अशी सुटणारी नावे टिपणाऱ्यांचा धंदाच आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या बँकेच्या नावाला तर किंमतही चांगली येते.

ज्याला ते नाव मिळेल त्याला काय काय मिळते, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या पासबुकांवर, पावत्यांवर, कॅलेंडरवर, शाखेच्या पाटीवर छापलेला पत्ता आता त्याच्या संकेतस्थळावर नेतो. गुगलच्या शोधातले जुने दुवेही तिकडेच जातात. त्याहून गंभीर म्हणजे त्या नावावर येणारा प्रत्येक ईमेल त्याच्या पेटीत पडू शकतो : सभासदाची तक्रार, लेखापरीक्षकाचा मसुदा, कर्जदाराने पाठवलेली आधार-पॅनची प्रत. शिवाय बँकेने जुन्या ईमेलवर उघडलेली सरकारी किंवा व्यापारी खाती असतील तर ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण त्यालाही दाबता येते. हे घडवायला कोणतीही यंत्रणा फोडावी लागत नाही. हजारभर रुपये पुरतात.

शुल्क भरायचे विसरणे हा छोट्यांचाच दोष नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली होती. हॉटमेलचे लॉगिन याच नावावरून चालत असल्याने ऐन नाताळात लोकांना पेट्या उघडेनात. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले आणि प्रकरण मिटले. प्रत्येक सहकारी बँकेच्या नशिबी असा भला माणूस असेल असे नाही. म्हणून जुने नाव किमान पाच-दहा वर्षांसाठी एकदम भरून ठेवणे, तेही बँकेच्या नावावर, आणि त्याची मुदत संचालक मंडळाच्या नोंदीत असणे, हा या कामातला सर्वात स्वस्त विमा आहे.

ईमेल आणि एसएमएसचे काय?

संकेतस्थळ हलवले की दिसते. ईमेल अर्धवट हलवला तर दिसत नाही, कारण न पोहोचलेल्या पत्राची बातमी कोणी देत नाही. कोणत्या सर्व्हरना आपल्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी आहे हे सांगणारी ‘एसपीएफ’ नोंद, मेलवरची डिजिटल मोहोर म्हणजे ‘डीकेआयएम’, आणि दोन्ही जुळले नाही तर काय करायचे हे सांगणारा ‘डीमार्क’, या तीन गोष्टी नव्या नावावर नव्याने लावाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने तर ३१ डिसेंबर २०१९ च्या सायबर सुरक्षा आराखड्यातच सर्वात खालच्या स्तरातील नागरी सहकारी बँकांकडूनही स्वतःच्या नावाचा ईमेल आणि डीमार्कची अपेक्षा केली होती. तरीही एखाद्या शाखेचा जीमेल पत्ता पाटीवर दिसला की ग्राहकाने खरे-खोटे कशावरून ओळखायचे?

एसएमएसमध्ये आणखी एक गाठ आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘ट्राय’च्या नियमानुसार आधी नोंदवलेला नसलेला दुवा असलेला संदेश दूरसंचार कंपन्या अडवतात. नवे नाव घेतले आणि संदेशाच्या मसुद्यातील दुवा नव्याने नोंदवला नाही, तर ग्राहकाला सूचना मिळतच नाही.

भरवशाचे होस्टिंग म्हणजे काय?

स्वस्त ‘शेअर्ड’ होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे असतात. शेजाऱ्याने उपद्रवी मेल पाठवले तर पूर्ण सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि बँकेचा मेलही ‘स्पॅम’मध्ये पडतो. त्यामुळे बँकेने निदान ईमेल तरी अशा ठिकाणी ठेवू नये.

जागा कुठे आहे याचेही महत्त्व कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्यापारी पेठेपर्यंत आले. पुणे-बंगळूरु महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरच्या खोलीतला सर्व्हर आणि त्याच खोलीतल्या कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात. बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये गेले की प्रश्न सुटतो असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हा त्याच परिसरात बॅकअप ठेवलेल्यांचा माहितीसाठा कायमचा गेला. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात, आणि ती वर्षातून दोनदा उघडून पाहिलेली, एवढी अट करारात असणे जाहिरातीतल्या ‘९९.९ टक्के’पेक्षा उपयोगी. त्या टक्केवारीतही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा असते.

सर्वांनी एकाच मोठ्या पुरवठादाराकडे जाणे हेही पूर्ण उत्तर नाही. ३१ जुलै २०२४ रोजी ‘सी-एज’ या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचे समोर आले. राष्ट्रीय देयक महामंडळाने तिचा संपर्क तोडला आणि देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाल्या. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांचे कारण देऊन नायरा एनर्जीच्या सेवा अचानक थांबवल्या, तेव्हा त्या कंपनीला घाईने रेडिफकडे ईमेल हलवावा लागला. नाव ताब्यात असेल तर असे स्थलांतर जमते.

पत्ता बदलल्याने काय थांबणार नाही, हेही पाहावे लागेल. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. क्लोन केलेल्या कार्डांनी त्यातील काही रक्कम कोल्हापुरातील एटीएममधूनही काढली गेली. तो हल्ला एटीएमच्या व्यवहार यंत्रणेवर होता. व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल किंवा केवायसीच्या नावाने येणारा फोन यांनाही बँक डॉट इन अडवत नाही. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करणे हाच मार्ग.

पतसंस्था बाहेरच

कोल्हापूर जिल्ह्यात बँकांइतकेच महत्त्व पतसंस्थांना आहे. त्या बँका नाहीत. बँकिंग नियमन कायद्यानुसार त्यांना नावात ‘बँक’ शब्द वापरता येत नाही, त्यामुळे हे राखीव नावही मिळत नाही. तिथल्या ठेवींना पाच लाखांच्या ठेव विम्याचे संरक्षणही नाही. सहकारी संस्थांसाठी ‘डॉट कोऑप’ हे राखीव नाव २००२ पासून जगभर उपलब्ध आहे आणि तेही सहकारी संस्थांपुरतेच मर्यादित आहे. मोबाइल ॲप काढण्याच्या तयारीत असलेल्या पतसंस्थांनी आधी त्याचा विचार करायला हरकत नाही.